जाधवबाईंचं हजेरी बक्षीस

जाधवबाईंना दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून बघायची वाईट खोड होती. आईला, आजीला ही खोड शोभते. सरकारी कामगार अधिकाऱ्याला नाही. पण एखादी गोष्ट शोभते की नाही हे बाईंना नेहमी उशिरा सुचायचं, तोवर हात कपाळावर जाऊन पोचलेला असायचा. शिपायाच्या, युनियनच्या पुढाऱ्याच्या, आणि एकदा तर चक्क तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांच्या. साहेब बिचारे इतके गांगरले, की तपासणी राहिली बाजूला आणि ते बाईंनाच समजावू लागले, "नाही हो, ताप नाही, जरा ऊन लागलंय एवढंच."

मी दादरच्या त्या कचेरीत बाईंची स्टेनो होते. मूळची ठाकूरद्वारची. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कारकुनी, त्यामुळे साहेब म्हणजे लांबून नमस्कार करायची वस्तू हे माझ्या अंगात मुरलेलं. बाईंच्या हाताखाली ते पहिल्याच आठवड्यात उतरलं. मला सर्दी झाली होती. डिक्टेशन घेताना शिंकले, तर बाई खुर्चीवरून उठल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "नीता, तू तापलीयस. पेन ठेव. घरी जा."

"बाई, दुपारी सुनावणी आहे."

"मग? तुझ्यावाचून अडलंय का माझं?"

मी घरी गेले. संध्याकाळपर्यंत बाईंचे फोनवर फोन. अमकी फाईल कुठंय, तमक्या पत्राला उत्तर गेलं का, झेरॉक्सवाल्याचा नंबर काय. शेवटचा फोन आला तो वेगळाच. "झोपलीस का गं? झोप ना मग, फोन कशाला उचलतेस?"

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण परवा कचेरीत नवा आलेला एक मुलगा ताप अंगावर काढत फायली लावत बसला होता, आणि त्याला कुणीच घरी पाठवेना. तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाहीत.

बाई ठेंगण्या, सावळ्या. कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत फुगलेली काळी पर्स. लिफ्टला भयंकर घाबरायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत जिन्याने चढायच्या आणि वर तब्येतीसाठी चालते म्हणून थाप मारायच्या. राहायला नायगावच्या चाळीत. वडील मिलमध्ये, आई घरोघर भाकऱ्या पोचवायची. चाळीतली पहिली पदवीधर मुलगी म्हणजे बाई. तिथली मंडळी कचेरीत आली की दारातूनच मोठ्याने "जय भीम, ताई" म्हणायची आणि बाई हातातलं काम टाकून तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायच्या. पत्रकार वगैरे कुणी आलं, की "मॅडम, आजारी कामगारांबद्दल तुम्हाला एवढी कळकळ, ती वडिलांमुळे का?" असा प्रश्न यायचाच. बाई म्हणायच्या, "छे! माझे वडील एकदम ठणठणीत होते. पोटात दुखतंय सांगून सिनेमाला जायचे." प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि बाईंना त्याचा आनंद व्हायचा.

बाईंचं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण मी स्टेनो होऊन बरेच दिवस झाले तरी मलाही ते नीट कळलं नव्हतं. मालक आणि कामगार भांडले, की प्रकरण कोर्टात जाण्याआधी सरकार मध्ये एक माणूस बसवतं. त्याने दोघांचं ऐकायचं, समजूत घालायची आणि जमलं तर समेट घडवायचा. निकाल द्यायचा अधिकार त्याला नाही. समेट नाहीच झाला, तर तसा अहवाल वर पाठवायचा. मग कोर्ट. आणि एकदा का प्रकरण कोर्टात गेलं, की भांडण सुरू करणाऱ्यांची नातवंडं बोहल्यावर चढेपर्यंत ते चालतं. बाई म्हणायच्या, "लोकांना वाटतं सरकार काहीतरी करेल. सरकार म्हणजे कोण? मी आणि नीता. आणि आमच्या हातात काय? चहा."

चहा खरंच होता. सुनावणीला आलेल्या दोन्ही बाजूंना बाई आधी चहा पाजायच्या आणि कप रिकामे होईपर्यंत कुणाला तोंड उघडू द्यायच्या नाहीत. चहा पिताना समोरासमोर बसून गप्प राहणं फार अवघड असतं. लोक कपाकडे बघायचे, खिडकीकडे बघायचे, शेवटी एकमेकांकडे बघायचे. त्यानंतर बाईंचा नियम सुरू व्हायचा. स्वतःची बाजू मांडायची नाही. आधी समोरच्याची मांडायची, आणि तीही 'मी' म्हणून. मालकाने कामगार व्हायचं, कामगाराने मालक. वकिलांना हा प्रकार अजिबात खपायचा नाही. "मॅडम, हे कायद्यात कुठे आहे?" असं एकाने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "चहा तरी कुठे आहे कायद्यात? प्यायलात ना?"

गिरगावातल्या एका खानावळीचं भांडण मला आठवतं. मालक आणि त्याचा जुना वाढपी. वाढप्याला काढून टाकलं होतं. बाईंनी वाढप्याला मालक व्हायला सांगितलं. तो उभा राहिला, खांद्यावर नसलेला पंचा झटकला आणि सुरू झाला. "मी मालक. गॅस महागला, भाजी महागली. गिऱ्हाईक पोळी मोठी मागतं आणि ताटाचे दर वाढवले की तोंड वाकडं करतं. माझा मुलगा म्हणतो, खानावळ बंद करा, मोबाईलचं दुकान टाकू. रात्री मला झोप लागत नाही. मग सकाळी मी या माणसावर डाफरतो, कारण घरात डाफरायची माझी टाप नाही." मालक आ वासून बघत राहिला. मग म्हणाला, "मुलाचं तुला कुणी सांगितलं?" वाढपी म्हणाला, "शेठ, कान आहेत मला. तुमच्या मागेच तर उभा असतो दिवसभर." त्या दिवशी दोघं एकाच टॅक्सीने परत गेले आणि बाई दिवसभर माझ्याशी विनाकारण गोड बोलत होत्या.

त्या गोड नसायच्या तेव्हा मात्र कठीण प्रकरण. कागद वाकडा दुमडलेला दिसला की तळपायाची आग मस्तकात. रुसल्या की दोन-दोन दिवस चिठ्ठ्या पाठवून काम सांगायच्या, आणि मी बसलेली असायची हाताच्या अंतरावर. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने गाजलेल्या प्रकरणात समेट घडवला, की कौतुक करायच्या, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी दुखवट्याला आलंय. आणि स्वतःच्या समेटांचा अभिमान होता. फार होता. त्यातही एका समेटाचा जास्त.

तो त्यांच्या नोकरीतला पहिला समेट. लालबागला मागच्या गल्लीत एक मोठी लाँड्री आहे. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल तिथे धुवायला येतात. बाई नव्या लागल्या तेव्हा तिथे पगारवाढीवरून संप होता. मालक पगार वाढवायला तयार नव्हता, कामगार कामावर यायला तयार नव्हते. बाईंनी मधला मार्ग काढला. पगार आहे तोच, पण महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला हजेरीचं बक्षीस. मालक खूश, कारण माणसं रोज येणार. कामगार खूश, कारण हातात जादा पडणार. सरकार खूश, कारण संप मिटला. लाँड्रीत पेढे वाटले आणि लोक त्याला 'बाईंचं बक्षीस' म्हणू लागले. पुढे मालक थकला, मुलगा गादीवर आला, अर्धे कामगार बदलले, पण नाव तेच राहिलं. लालबागच्या बाजारात एखादी बाई अचानक वाकून नमस्कार करायची आणि म्हणायची, "बाई, बक्षीस चालू आहे हां अजून." मग बाई घरी जाईपर्यंत तरंगत जायच्या.

बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेव्हा त्याच लाँड्रीचं नवं प्रकरण टेबलावर आलं. कामगारांची मागणी एकच होती. आजारपणाची पगारी रजा. विमा होता, पण त्यासाठी दवाखान्याची रांग, डॉक्टरचा कागद, हेलपाटे. दोन दिवसांच्या तापासाठी त्या वाटेला कुणी जात नसे. आम्हा सरकारी लोकांना तापाची रजाही मिळते आणि पगारही. त्यामुळे आम्हाला ताप जरा लवकरच येतो, हे मी आमच्यातलीच एक म्हणून सांगते. लाँड्रीतल्यांना ताप परवडत नव्हता.

पहिल्या तारखेच्या आधीच बातमी आली. मंदा परब नावाची कामगार भरल्या तापात कामावर आली आणि चादरी इस्त्री करणाऱ्या गरम रुळांसमोर चक्कर येऊन पडली. पडताना आधाराला हात टेकला तो रुळावर. परळच्या इस्पितळात होती.

बाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, अधिकाऱ्याने पक्षकाराकडे जायचं नसतं."

"अधिकारी म्हणून कुठे जातेय? शेजारीण म्हणून जातेय. नायगाव आणि लालबाग काय लांब आहे का?"

मंदा खाटेवर उशीला टेकून बसली होती. पन्नाशीची, काटकुळी, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. बाईंना बघून ती एवढी हरखली, की उठायलाच निघाली. बाईंनी तिला दाबून बसवलं. कसं झालं, काय झालं विचारलं. मंदा सगळं हसत हसत सांगत होती. आणि मग, बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी बघून की काय, तिने डाव्या हाताने बाईंचा हात धरला आणि त्यांनाच धीर दिला.

"बाई, तुमी काळजी करू नकात. हजेरी लागली माजी. आंगठो लावलंय आनी मगेच पडलंय. तुमचां बक्षीस काय गेलां नाय."

मला तो क्षण अजून दिसतो. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या आतलं माणूस निघून गेलं होतं. बाहेर आल्यावर त्या इस्पितळाच्या पायरीवर बसल्या. कडक इस्त्रीची साडी, धूळ, येणारेजाणारे, कशाचंच भान नाही. म्हणाल्या, "नीता, ताप आला म्हणून ही घरी राहिली असती तर दिवसाचा पगार गेला असता, आणि वरून महिन्याचं बक्षीसही गेलं असतं. कुणामुळे?"

मी म्हटलं, "बाई, तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही."

"लक्षात आणून द्यायलाच तर मला मध्ये बसवलं होतं ना?"

त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. निवृत्त व्हायच्या आत ते बक्षीस मोडून काढायचं आणि त्या जागी तापाची पगारी रजा आणायची. नाहीतर समेट झाला नाही असा अहवाल जाणार, प्रकरण कोर्टात जाणार आणि मंदा आणि तिच्यासारख्या सगळ्या तोवर तापात हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावत राहणार.

पण गंमत अशी झाली, की बक्षीस मोडायला कुणीच तयार नव्हतं. युनियनचे राणे, म्हणजे दत्ता राणे, पहिल्या समेटातही तेच सही करायला होते. तेव्हा मिशा काळ्या होत्या एवढाच फरक. ते म्हणाले, "रजा पाहिजे, पण बक्षिसाला हात लावायचा नाय." तरुण मालक पराग शेठ म्हणाला, "रजा हवी तर बक्षीस सोडा. दोन्ही देऊन मी लाँड्री चालवू की आश्रम?" तारखांवर तारखा पडत गेल्या. चहा होत होता, पण चहापलीकडे काही होत नव्हतं. बाईंचा निवृत्तीचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरवायला लोक माझ्याकडे येऊ लागले आणि मी त्यांना टोलवू लागले.

शेवटची म्हणावी अशी तारीख आली. एका बाजूला राणे आणि लाँड्रीतली चार-पाच माणसं, त्यांत मंदा. हाताची पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी आणि ओढलेली दिसत होती. दुसऱ्या बाजूला पराग शेठ आणि त्याचे सुपरवायझर सावंत. चहा झाला. बाईंनी शेठला सांगितलं, "तुम्ही आधी."

शेठला हा नियम आतापर्यंत पाठ झाला होता. तो सुरात म्हणाला, "त्यांचं म्हणणं असं आहे, की..."

"त्यांचं नाही. मी म्हणा. आणि युनियन नको. मंदा परब म्हणा."

शेठने मंदाकडे पाहिलं. तिने लाजून हात पदराखाली घेतला. शेठ सुरू झाला. "मी मंदा परब. मला सकाळी ताप होता. घरचे म्हणाले असतील, जाऊ नको. मी... महिना संपत आला होता. एवढे दिवस भरले होते. मग मी गेले." तो थांबला. "मशीनवर सावंतांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरी आहे." इथे त्याने सावंतांकडे बघितलं आणि सावंतांनी मान खाली घातली. शेठने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. म्हणाला, "मॅडम, बास."

मग बाई राणेंकडे वळल्या. राणे उठले, त्यांना जरा सुटल्यासारखं झालं असावं. "मी पराग शेठ. बापाने उभारलेली लाँड्री मी चालवतोय. माझी माणसं कोकणातली. गणपती आले, की माझ्या निम्म्या माणसांना एकदम ताप भरतो, आणि तो ताप उतरवायला त्यांना कणकवलीला जावं लागतं." मंदासकट सगळे फिसकन हसले. राणेही हसले, पण बोलत राहिले. "हसू नका रे. त्याच दिवसांत इस्पितळाच्या गाड्या दारात उभ्या असतात. चादरी तुंबतात, वरून शिव्या मी खातो. उद्या पगारी रजा दिली, तर गणपतीत मी आणि सावंत, आम्हीच दोघं चादरी धुवायच्या काय?"

शेठ चटकन म्हणाला, "हेच. अगदी हेच म्हणायचंय मला."

हसणं ओसरलं तरी बक्षिसाची गाठ तशीच होती. तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं, "नीता, कामकाजात लिही. हजेरी बक्षिसाचा समेट मी स्वतः घडवला होता. तो करताना आजारी माणूस माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. ही माझी चूक आहे."

माझी पेन्सिल थांबली. सरकारी कागदावर सरकारी अधिकारी स्वतःची चूक लिहून घेतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बाई, हे लिहू?"

"मग काय गाऊन दाखवू? लिही."

मी लिहिलं. राणे म्हणाले, "सह्या तिघांच्या होत्या, बाई. मी होतो, शेठचे वडील होते. एकट्या कशाला अंगावर घेता?"

"तुम्ही आपापल्या बाजूचे होतात, राणे. मधली मी होते."

आणि मग मंदा बोलली. इतक्या तारखा झाल्या होत्या, पण ती एकदाही बोलली नव्हती. "बाई, आमच्यात बोलणां झालां हुतां. कितीजणी म्हणत हुत्यो, ह्यां बक्षीस नको, तापात मरूक व्हतां. पण तुमी दिलेलां तां. तुमच्या तोंडार तां कसां परत करूचां? तुमका वायट वाटतलां म्हणान आमी गप रवलो."

राणेंनी चमकून तिच्याकडे बघितलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं. म्हणजे इतके महिने बाई ते बक्षीस मोडायला धडपडत होत्या, आणि बाईंचं मन मोडू नये म्हणून बायका ते सांभाळत बसल्या होत्या. जळालेल्या हाताने सांभाळत बसल्या होत्या. ही माणसं अशी. कुणी प्रेमाने काही दिलं, की ते टोचत असलं तरी अंगावरून उतरवणार नाहीत. मला हसावं की रडावं कळेना. बाईंना कळलं. त्या सगळ्यांसमोर रडल्या, पर्समधून रुमाल शोधत, तो न सापडल्याने पदराने डोळे पुसत. आणि रडता रडताच म्हणाल्या, "मूर्ख कुठल्या! मला वाईट वाटेल म्हणून हात भाजून घ्यायचे?"

त्यानंतरचं काम म्हणजे तपशील. बक्षिसाची रक्कम सगळ्यांच्या पगारात मिळवायची, खाडा असो नसो. आजारपणाची पगारी रजा द्यायची, थोड्या दिवसांच्या तापाला डॉक्टरचा कागद मागायचा नाही, सकाळी फोन केला की पुरे. शेठने इथे जरा कुरकुर केली, "खोटं सांगतील, मॅडम." बाई म्हणाल्या, "सांगतील थोडे. माझे वडीलही सांगायचे. त्यांच्यासाठी हिला रुळावर पाठवायचं का?" शेठने हात जोडले. गणपतीचा तोडगा मात्र कामगारांनीच काढला. त्या दिवसांत कागदाशिवाय ताप मंजूर नाही, आणि गावाला कोणी कोणत्या साली जायचं याच्या पाळ्या आधीच ठरवायच्या. हे मंदाच म्हणाली, आणि स्वतः यंदा मुंबईत राहते असंही म्हणाली. शेठ इतका खूश झाला, की त्याने दुसरा चहा स्वतःच्या खिशातून मागवला. सह्या झाल्या. मंदाने ओढलेल्या बोटांनी हळूहळू नाव लिहिलं आणि बाई शेवटच्या अक्षरापर्यंत तिच्या शेजारी वाकून उभ्या राहिल्या.

पेढे कुणी आणले नाहीत. बाईंनीच सक्त ताकीद दिली होती. आठवड्याने निवृत्तीचा समारंभ झाला. साहेबांनी भाषणात बाईंच्या प्रदीर्घ सेवेचा उल्लेख केला. बाई पूर्ण वेळ टेबलावरच्या वाकड्या दुमडलेल्या कागदाकडे बघत होत्या.

नंतर आमच्या भेटी कमी झाल्या. फोन व्हायचे. मी त्यांना शेवटची भेटले ती उन्हाळ्याच्या तोंडावर, लालबागला. वर्षाचा मसाला करायचा होता आणि बाईंच्या मते मला मिरचीतलं काही कळत नाही, म्हणून त्या सोबत आल्या होत्या. जरा वाळल्या होत्या, चालताना थांबत होत्या. त्यांच्या आजाराचं मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही. मसाल्याच्या दुकानांकडे जायचा सरळ रस्ता सोडून त्या मागच्या गल्लीत शिरल्या. मीही मागोमाग.

लाँड्रीचं दार उघडं होतं. आतून वाफ आणि साबणाचा वास येत होता. सकाळची पाळी लागलेली. बाई दाराशीच उभ्या राहून आत बघू लागल्या. चादरी रुळांतून सरकत होत्या, पण मशीनवर कुणी दुसरीच मुलगी होती. बाईंनी मान उंच करून इकडेतिकडे बघितलं. सावंत लगबगीने बाहेर आले, नमस्कार केला.

"परब कुठे दिसत नाही?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चिरका झाला होता.

"आज नाही आली, मॅडम. ताप आहे तिला."

"ताप आहे म्हणून नाही आली?"

"हो. सकाळी फोन केला तिने. म्हणाली, अंग तापलंय, येत नाही."

"असं म्हणाली? येत नाही म्हणाली?"

"हो, मॅडम. का?"

बाई त्या मशीनकडे बघत राहिल्या, जिथे मंदा नव्हती. एवढ्या आनंदात मी बाईंना कधीच पाहिलं नव्हतं. गिरगावच्या त्या समेटाच्या दिवशीही नाही, लोक बाजारात वाकून नमस्कार करायचे तेव्हाही नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाई, इथेच पुढे तिची चाळ आहे. बघून येऊ या का?"

बाई एकदम माझ्यावर डाफरल्या. "कशाला? आपण गेलो की ती उठून चहा ठेवायला लागेल."

मग माझा दंड धरून त्यांनी मला गल्लीच्या बाहेर वळवलं आणि आवाज खाली आणून, जणू चाळ अगदी शेजारीच होती, म्हणाल्या, "झोपू दे गं तिला."